तीन नंबरची शिंपली

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची. लग्न झाल्यावर नवरा म्हणायला लागला. नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे आमच्या वन्सं, त्या काही म्हणत नाहीत, नुसत्या बघतात. म्हटलेलं परवडतं, बघितलेलं परवडत नाही. मला एका जागी उभं राहून वाट बघणं जमतच नाही, त्याला मी तरी काय करू? दूध तापेपर्यंत मी दोन कपाटं आवरते, आणि तेवढ्यात दूध उतू जातं ते वेगळं.

आम्ही दोघी एकाच लाँड्रीत कामाला आहोत. घराघरांतले चार कपडे घेणारी लाँड्री नव्हे. हॉटेलं आणि दवाखान्यांचे शर्ट, कोट, एप्रन गाड्या भरून येतात आणि गाड्या भरून जातात. तिथे प्रेसच्या चार मशीन आहेत, त्यांना सगळे शिंपली म्हणतात. खाली कापडाने मढवलेली गादी, वर तापलेलं लोखंडी झाकण, मागे जाडजूड बिजागरी. शर्ट गादीवर पसरायचा, झाकण खाली येतं, हुस्स करून वाफ सुटते, आणि दहा आकडे मोजेपर्यंत झाकण आपलं आपण वर जातं. तीन नंबरची शिंपली सकाळी सहा ते दुपारी दोन माझी, दोन ते रात्री दहा वन्संची.

झाकण पाडायला दोन बटणं असतात. एक डाव्या टोकाला, एक उजव्या. दोन्ही हात ताणल्याशिवाय दोन्ही एकदम दाबता येत नाहीत, आणि तसं मुद्दामच केलंय. हात बटणांवर असले म्हणजे गादीवर नाहीत, म्हणजे भाजायची भीती नाही. ज्याने केलं त्याने डोकं लावून केलं, पण त्याला तासाला साठ शर्ट काढायचे नव्हते.

आता माझी युक्ती सांगते. प्रत्येक बटणाभोवती लोखंडी कडं आहे. डावं बटण दाबायचं आणि कड्याच्या फटीत कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा अडकवायचा. बटण दाबलेलंच राहतं. मग एकट्या उजव्या बटणावर झाकण पडतं आणि डावा हात कॉलर सारखी करायला मोकळा. चिमटा खालच्या अंगाने लावायचा, म्हणजे मुकादमांना दिसत नाही. आणि एक गोष्ट विसरायची नाही, ती म्हणजे उभं राहायचं कुशीवर, अंग तिरकं करून. पलीकडची, उजव्या टोकाची बाही ओढायला सरळ वाकलं की पोट उजव्या बटणाला लागतं. दोन वर्षं मी कुशीवर उभी राहतेय, माझ्या अंगात ते मुरलंय. दुसऱ्या कोणाच्या अंगात मुरायचं काही कारण नाही.

हे मुकादमांना कळलं तर त्याच दिवशी घरी. मागे चार नंबरवरच्या एकीने बटणाला चिकटपट्टी लावली होती. दुपारचा डबा खायलासुद्धा थांबू दिलं नाही तिला.

वन्संना माहीत होतं. त्यांच्यापासून काय लपतंय? आमच्याकडे पद्धत अशी की पाळी बदलताना जाणारीने मशीनपाशी थांबायचं. येणारी गादीवरून हात फिरवते, झाकण एकदा रिकामं पाडून बघते, मग जाणारीने निघायचं. वन्सं गादीवरून हात फिरवता फिरवता माझ्याकडे न बघता विचारायच्या, "काढलास का?" रोज. एक दिवस चुकला नाही. मी रोज म्हणायची, "काढला, वन्सं," आणि मनात म्हणायची, काय मेली कटकट. त्यांचे स्वतःचे तासाला पस्तीस शर्ट. दोन्ही हात ताणून दोन्ही बटणं दाबणार, झाकण वर गेल्यावर बिजागरीकडे बघणार, मग पुढचा शर्ट उचलणार. मी त्यांना गोगलगाय म्हणायची. तोंडावर नाही, पण घरात भिंतींनाही कान असतात.

तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी विचारलं, "काढलास का?" आणि नेमके मुकादम मागून आले. "काय काढायचंय?" ते म्हणाले. मी घाबरले, आणि घाबरले की माझी जीभ सुटते. मी म्हटलं, "काही नाही साहेब, वन्संना दुसऱ्यांच्या चौकशा फार. स्वतःचे तासाला पस्तीस होत नाहीत, आणि माझ्या मशीनवर डोळा." चारचौघांत म्हटलं. वन्संच्या हातात शर्ट होता, तो त्यांनी नीट पसरला आणि दोन्ही बटणं दाबली. मुकादमांनी मात्र त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

त्या दिवसापासून अबोला. एका घरात, दोन खोल्यांत, तीन माणसं आणि त्यात दोघी बोलत नाहीत. "अहो, वन्संना सांगा, साबण संपलाय." वन्सं दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या. "तिला सांग, मी आणलाय." आमचे हे मधल्यामध्ये पोस्टमन झाले होते. आणि दोन वाजता समोरासमोर यायला नको म्हणून मी दोनला दोन मिनिटं कमी असतानाच मशीन सोडून मागच्या दाराने निघायला लागले. पद्धत मोडली, पण माझ्या मते चूक माझी नव्हती.

याच तीन आठवड्यांत घरातले चिमटे कमी व्हायला लागले. माझ्या चिमट्यांना मी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावते, गच्चीवर सगळ्यांच्या दोऱ्या शेजारी शेजारी आहेत आणि शेजारणीचा हात लांब आहे. डझनातले सहा गायब. मी शेजारणीला दोन शब्द ऐकवले, यांना चार ऐकवले. "चिमटे मी खातो का?" हे म्हणाले.

हे सगळं आधी सांगितलं, कारण त्या मंगळवारी दुपारी मला ते सगळं एकदम उमगलं, एका क्षणात.

मी घरी पोचले तेव्हा दोन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. यांची सुट्टी होती, हे पेपर तोंडावर घेऊन आडवे पडले होते. मिठाची पिशवी उघडी दिसली. ती मिटायला चिमटा हवा म्हणून मी खिशात हात घातला. रुमाल होता, किल्ली होती. चिमटा नव्हता. दुसरा खिसा बघितला. पिशवी उलटी केली. आणि मग मला तो दिसला, डोळ्यांपुढे, जसाच्या तसा. शेवटचा कोट डॉक्टरचा, जाड कॉलरचा. भिंतीवरचं घड्याळ. जिन्यात वन्संच्या चपलांचा आवाज. मी एप्रन सोडतेय, वळतेय, आणि डाव्या बटणाखाली लाल ठिपका.

मी मटकन खाली बसले. मग उठले, कारण बसवेना.

आधी स्वतःची समजूत घातली. वन्सं आहेत तिथे. वन्सं गादीवरून हात फिरवल्याशिवाय, झाकण रिकामं पाडल्याशिवाय शर्टाला हात लावत नाहीत. बटण आत गेलेलं त्यांना लगेच दिसेल. आणि मग दुसरा विचार आला, आणि तो बरा नव्हता. म्हणजे आधीचे सहाही तिथेच राहिले असणार. म्हणजे ते वन्संनीच काढले. तीन आठवडे एक शब्द न बोलता त्या माझे चिमटे गोळा करतायत. कशासाठी? एक दिवस मुकादमांच्या टेबलावर ओतायला, दुसरं कशासाठी? मी मनाशी म्हटलं, गोगलगाय नि पोटात पाय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

तरी मी त्यांना फोन लावला. अबोला गेला खड्ड्यात. माझ्या फोनमध्ये रिंग वाजायला लागली आणि त्याच वेळी बाहेरच्या खोलीतही.

"ताईचा फोन वाजतोय गं," पेपरच्या आतून हे म्हणाले. "कोणाचा आहे बघ."

"माझाच आहे," मी म्हटलं.

वन्संचा फोन जुना, उघडमिटीचा. कामावर फोन चालत नाही म्हणून त्या तो मिटून फळीवर ठेवून जातात. मी जाऊन तो उघडला, माझंच नाव दिसलं, परत मिटला. परत उघडला. त्यात काय दिसणार होतं मला?

"काय झालंय?" हे उठून बसले.

"काही नाही. तुम्ही झोपा."

मग मुकादमांना फोन लावला. लावताना ठरवलं होतं की फक्त वन्संना बोलवायला सांगायचं. घड्याळात दोन एकोणतीस झाले होते. ते मी बघितलं, कारण मी सारखी घड्याळच बघत होते.

"साहेब, जरा वन्संना फोनवर देता का? तीन नंबरवर आहेत."

"त्या तीन नंबरवर नाहीत आता," मुकादम म्हणाले. "आजपासून घडीच्या टेबलावर बसवलंय. तुम्हीच म्हणाला होतात ना, हात मंद आहे. आल्या आल्या तिकडे पाठवलं. तीन नंबरला नवीन बाई आल्यात. चपळ आहेत हो, अगदी तुमच्यासारख्या."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाई? काही तातडीचं आहे का?"

आता इथे थांबते मी थोडी. नंतर मी या जागी कितीतरी वेळा थांबलेय. सांगायला चार शब्द लागले असते. तीन नंबर बंद करा. बस. त्यांनी कारण विचारलं असतं, मी सांगितलं असतं, आणि माझी नोकरी गेली असती. पण शिंपली उघडी राहिली असती. मला हे सगळं तेव्हा कळत होतं. कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

"नाही साहेब," मी म्हटलं. "तसं काही नाही. घरचंच होतं."

फोन ठेवला आणि चपला घातल्या. मी मनात हिशेब केला: बसने बारा मिनिटं. मागच्या दाराने जायचं, "रुमाल राहिला" म्हणायचं, वाकायचं, चिमटा काढायचा, यायचं. कानोकान खबर नाही. आमचे हे दारात आले. "अगं, आत्ता तर आलीस." जिन्यात एक चप्पल निसटली, ती घालायला थांबले तेवढंही जड गेलं.

बस लगेच आली. मी बसले नाही, जागा असून उभी राहिले. समोरच्या सीटवर एक बाई आरशाची डबी उघडून तोंड बघत होती. उघडायची, बघायची, टप्पदिशी मिटायची. पुन्हा उघडायची. चौथ्यांदा ती मिटली तेव्हा मी म्हटलं, "बाई, एकदा काय ते बघून घ्या की." तिने माझ्याकडे असं बघितलं की वन्संची आठवण झाली.

मला नवीन बाई दिसत होत्या. चेहरा माहीत नव्हता, हात दिसत होते. चपळ हात. पहिले दहा शर्ट त्या दोन्ही बटणं दाबतील, शिकवलंय तसं. मग त्यांच्या लक्षात येईल की डावं बटण आधीच आत आहे, आणि झाकण एका उजव्यावरच येतंय. वाटेल, मशीनच अशी आहे. चपळ माणसाला सोय लगेच समजते. मग डावा हात मोकळा होईल. मग पलीकडची बाही. मग सरळ वाकणं, कारण कुशीवर उभं राहायचं त्यांना कोण सांगणार? सांगणारी इथे बसमध्ये दांडा धरून उभी होती.

रेल्वेच्या फाटकाशी बस थांबली. फाटक पडलेलं, समोर मालगाडी, डबे संपता संपेनात. मी डबे मोजले, एकोणीसपर्यंत मोजले आणि मग मला मोजवेना. पुन्हा फोन काढला. या वेळी मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. फोन वाजला, वाजला, वाजला आणि बंद झाला. मुकादम खाली मशीनवर गेले की त्यांचा फोन वर टेबलावर असतो. मी पुन्हा लावला, पुन्हा लावला. ड्रायव्हरला म्हटलं, दार उघडा, मी चालत जाते. तो म्हणाला, "फाटक तुम्हाला वेगळं उघडणार आहे का?" उघडलं दार त्याने, पण मी फाटकाशीच जाऊन उभी राहिले, सगळ्यांबरोबर.

गाडी गेली तशी मी पळत सुटले. माझं वय बेचाळीस आहे, शाळा सुटल्यापासून मी पळाले नव्हते. लोक बाजूला होत होते. लाँड्रीच्या मागच्या दाराशी वॉचमन म्हणाला, "आता पाळी नाही तुमची." मी म्हटलं, "माहितीय," आणि आत गेले.

एक, दोन, चार नंबरच्या शिंपल्या चालू होत्या. हुस्स करून झाकणं पडत होती, वर जात होती. तीन नंबरची बंद करून मिटून ठेवलेली होती. तांबडा दिवा लागलेला, समोर कोणी नाही, आणि गादीच्या कडेला अर्धा शर्ट लोंबत होता. मी वाकून डाव्या बटणाखाली हात घातला. चिमटा नव्हता.

कपड्यांच्या ढिगापाशी एक अनोळखी बाई बसली होती, पाण्याचा ग्लास हातात घेऊन. दोन्ही हात धड होते. मी ते आधी बघितलं, दोन्ही हात, दहा बोटं.

"तुम्ही नवीन का?" मी विचारलं.

"त्या बाई कुठून आल्या काय माहीत," ती म्हणाली. तिला कोणाला तरी सांगायचंच होतं. "मी बाही ओढत होते, दोन्ही हात आत. त्या घडीच्या टेबलावरून धावत आल्या. इतक्या जाड्या बाई, पण धावल्या. झाकण येत होतं. मी बटणाला हातसुद्धा लावला नव्हता हो, शपथ. माझे हात त्यांनी असे धरून बाहेर ओढले. माझे निघाले, त्यांचा एक राहिला."

पुढचं ऐकायला मी थांबले नाही.

औषधांच्या पेटीची खोली जिन्याखाली आहे. आत एक खाट, एक टेबल, एक खुर्ची. वन्सं खुर्चीवर बसल्या होत्या. उजवा हात कोपरापर्यंत पाण्याच्या घमेल्यात. पाण्यातूनही दिसत होतं की मनगटापासून बोटांपर्यंत हाताची पाठ सोलल्यासारखी लाल झालीय. डावा हात मांडीवर, मूठ मिटलेली. मुकादम टेबलावर अपघाताची वही घेऊन लिहीत होते. मी दारात उभी राहिले. वन्संनी वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, मी येणार हे त्यांना ठाऊक असल्यासारखं त्यांनी बघितलं आणि नजर खाली केली.

"बरं झालं आलात," मुकादम म्हणाले. "डॉक्टरकडे न्यायला गाडी सांगितलीय, पाच मिनिटांत येईल. तुम्ही बरोबर जा."

"काय झालं साहेब?" मी विचारलं. मलाच माझा आवाज चोरटा वाटला.

"काय होणार? जुनी सवय. घडीचं टेबल सोडून या तीन नंबरवर गेल्या. दोन्ही बटणं दाबली, आत दुसरीचे हात आहेत हे बघितलं नाही. मग लक्षात आल्यावर ओढाओढी. असं त्या स्वतःच सांगतायत. नवीन बाई म्हणतात झाकण आपोआप आलं. आपोआप काही येत नसतं."

"मी दाबली बटणं," वन्सं म्हणाल्या. "लिहा तसंच."

मी वहीत बघितलं. मुकादमांचं अक्षर मोठं आहे, उलटं वाचता येतं. वेळ: दोन वाजून अडतीस मिनिटे. कारण: परवानगीशिवाय जागा सोडून दुसऱ्याच्या मशीनमध्ये हात घातला.

माझा फोन दोन एकोणतीसला झाला होता. नऊ मिनिटं आधी.

"यांना आता ठेवता येणार नाही," मुकादम माझ्याकडे बघून हळू म्हणाले. ते वाईट माणूस नाहीत. "वर कळवावं लागतं मला. वीस वर्षं काम केलेल्या बाई, पण नवीन बाईचे हात गेले असते. सही करा बाई. उजवा चालत नसेल तर डावा अंगठा द्या." त्यांनी शाईची डबी उघडून पुढे ठेवली.

"वाचून देते," वन्सं म्हणाल्या. मग तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. "पिशवीतला चष्मा दे."

त्यांची पिशवी खुर्चीला अडकवलेली होती. मी चष्म्याची डबी काढली. ती हाताला जड लागली.

"डबीत नाही," वन्सं एकदम म्हणाल्या. "रुमालात गुंडाळलाय."

पण माझी बोटं कधी कोणाचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबलीयत? डबी उघडली होती. आत माझे चिमटे होते. सहा, एकमेकांना चिकटून नीट ठेवलेले, लाल ठिपके सगळे एका बाजूला. स्वतःचा चष्मा त्या तीन आठवडे रुमालात घेऊन हिंडत होत्या. घरातल्या केरात टाकले असते तर मला दिसले असते, इथल्या केरात टाकले असते तर मुकादमांना दिसले असते. कोणालाच दिसू नयेत म्हणून ही जागा. आणि मी म्हणत होते, टेबलावर ओतायला गोळा करतायत.

"मीट ती," वन्सं म्हणाल्या. मुकादमांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू. "दोघींतला एक तरी पगार राहू दे. तो तुझाच बरा, तुझा हात चालतो."

मुकादमांची पाठ होती, ते गाडी आली का बघायला दाराकडे वळले होते. डबी मिटायला कितीसा वेळ लागतो? मी ती मिटली. खोटं कशाला बोलू, मिटली मी. टप्प. पिशवीत टाकली, रुमालातला चष्मा काढून त्यांच्या नाकावर ठेवला. काड्या कानांमागे नीट बसवल्या, त्यांचा हात मोकळा नव्हता ना. इतक्या जवळून त्यांचा चेहरा मी कधी बघितलाच नव्हता. ओठांवर घाम होता आणि त्या ओठ दाबून धरत होत्या, दुखत होतं म्हणून. ओरडल्या नव्हत्या म्हणे, एकदाही.

त्यांनी वाचलं. मान हलवली. डावा हात टेबलावर आणला. मूठ मिटलेलीच होती, त्यातून फक्त अंगठा बाहेर काढून त्यांनी शाईच्या डबीवर टेकवला.

"बोटं सोडा की जरा," मुकादम म्हणाले. "अंगठा नीट उमटत नाही असा."

"उमटेल," वन्सं म्हणाल्या.

"तो हातही भाजलाय का? बघू."

"नाही. काही नाही झालेलं त्याला."

तेव्हा मला कळलं त्या मुठीत काय आहे. एक हात झाकणात अडकलेला असताना दुसऱ्या हाताने त्यांनी तो काढला होता. कोणी यायच्या आत. आधी त्या बाईचे हात, मग माझा चिमटा, मग स्वतःचा हात. तासाला पस्तीस शर्ट काढणाऱ्या मंद बाईने.

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम, आणि राग कोणाचा होता ते सांगायला नको. मी खाली बसले आणि त्यांची मूठ धरली.

"काय करतेस?" वन्सं म्हणाल्या. "अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची. राहू दे." त्यांनी बोटं आणखी घट्ट केली. माझ्यापेक्षा ताकद होती त्यांच्यात. मी करंगळी सोडवली, मग तिच्या शेजारचं बोट. मुकादम वाकून बघत होते. मधलं बोट सोडवलं तेव्हा वन्संनी जोर लावायचं थांबवलं आणि डोळे मिटून घेतले.

तळहातावर चिमटा होता. लाल ठिपका वर. त्याच्या दोन्ही पात्यांचे वण कातडीत खोल उमटले होते.

मी तो उचलून वहीवर ठेवला, "कारण" लिहिलं होतं त्या ओळीवर. मग पिशवीतली डबी काढली, उघडली आणि उरलेले सहा त्याच्या शेजारी ठेवले.

"तीन नंबर, डावं बटण," मी म्हटलं. "माझे आहेत, साहेब. दोन वर्षं. वन्संनी काही दाबलेलं नाही. आणि मघाशी मी फोन केला होता ना, तेव्हा मला माहीत होतं."

मुकादमांनी एक चिमटा उचलला, दाबून उघडला, सोडला. मग दुसरी खुर्ची नसल्यामुळे खाटेवर बसले, वही मांडीवर घेतली आणि लिहिलेल्यावर एक आडवी रेघ मारली.

"सांगा," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. वन्संनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, नेहमीसारखं. या वेळी मला ते लागलं नाही, किंवा लागायला हवं तिथे लागलं. मी त्यांचा रिकामा डावा हात दोन्ही हातांत धरून तशीच बसले, कुठेही जायची घाई नसल्यासारखी.

"काढला, वन्सं," मी म्हटलं.